मोबाइल ठेवा, हे सांगायचे कोणी? : घरातील तंत्रज्ञान आणि मर्यादांचा प्रश्न

घरातील तंत्रज्ञानाच्या वापराला मर्यादा घालण्याचा प्रश्न मराठीत बहुधा तासांच्या हिशेबात मांडला जातो. कोणत्या वयाच्या मुलाने दिवसाकाठी किती वेळ पडद्यासमोर बसावे, एवढे ठरले की तो सुटला असे मानले जाते. हिंगोलीसारख्या जिल्ह्यातील घरे डोळ्यांसमोर ठेवली तर मात्र तासांचा हिशेब दुय्यम ठरतो आणि ‘आता मोबाइल खाली ठेवा’ हे घरात कोणी कोणाला सांगायचे, हा त्याहून अवघड प्रश्न पुढे येतो. प्रस्तुत विवेचनात ‘मर्यादा’ या शब्दाने बंदी अभिप्रेत नसून, कोणत्या वेळी, कोणत्या जागी आणि कोणत्या कामासाठी ही साधने वापरायची याविषयी घरातील सर्वांनी, म्हणजे थोरांनीही, स्वतःवर घालून घेतलेला नियम अभिप्रेत आहे.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत हे त्याचे पाच तालुके असून २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या ११,७७,३४५ होती व तिच्यापैकी सुमारे ८५ टक्के लोक ग्रामीण भागात राहत होते. अशा ठिकाणी मोबाइल हे करमणुकीचे साधन आहे, हे गृहीतकच अपुरे पडते. हळद शिजवून, वाळवून, पॉलिश करून झाली की बाजार समितीत आज बीट, म्हणजे लिलाव, किती रुपयांवर गेले हे मोबाइलवरच कळते आणि माल हिंगोलीला न्यायचा, वसमतला न्यायचा की आणखी चार दिवस घरात ठेवायचा, हे त्यावर ठरते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत पेऱ्याची नोंद शेतकऱ्याने स्वतःच मोबाइलवरून करायची असते. कृषिपंपाची वीज रात्रपाळीत आली तर मोबाइल स्टार्टरवरून विहिरीवरची मोटर घरबसल्या चालू करता येते. अनुदानाचे आधार प्रमाणीकरण ओटीपीवाचून पुढे सरकत नाही. अंगणवाडी सेविका गावातील मातांना ‘लेकराला मोबाइल दाखवून जेवू घालू नका’ असे सांगते आणि त्याच दिवसाची लेकरांची हजेरी व वजने तिला पोषण ट्रॅकर या ॲपवर स्वतःच्या हातातील मोबाइलमधूनच भरावी लागतात. तेव्हा दिवसाला अमुक तास हा नियम इथल्या कर्त्या माणसाला लावताच येत नाही, आणि कर्त्या माणसाला न लागणारा नियम मुलांना फार दिवस लागू राहत नाही.

मर्यादेची कल्पना या भागाला नवी आहे असेही नाही. दिवेलागणीच्या वेळी देवापुढे दिवा लावणे, मुलांकडून शुभंकरोती आणि पर्वचा, म्हणजे पाढ्यांची व श्लोकांची घोकंपट्टी, म्हणवून घेणे आणि नंतर देवळात हरिपाठ होणे, हा संध्याकाळचा क्रम नामदेवांच्या नर्सीच्या या जिल्ह्यातील गावांना परका नाही. तो क्रम धार्मिक होता हे खरे, पण त्याचे एक लौकिक कार्यही होते: दिवसाची कामे संपली आणि घर एकत्र आले, हे कोणी न सांगता सर्वांना कळत असे. या क्रमाची आठवण काढताना हळवे होण्याचे कारण नाही, कारण त्या वेळी चुलीपुढे बसलेल्या बाईला विसावा नव्हताच आणि पाढे न आलेल्या मुलाच्या पाठीत धपाटाही बसत असे. तो क्रम मोबाइलने मोडला, हेही पूर्ण खरे नाही. १९८७ मध्ये दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झाले तेव्हा गावातील एका संचापुढे सगळी आळी बसत असे; पुढे घरोघरी संच आले, त्यांवर मराठी वाहिन्यांच्या मालिका आल्या आणि संध्याकाळी सात ते दहा हा काळ त्यांनी व्यापला. तरीही संच एकच होता, तो भिंतीशी होता आणि काय पाहायचे याविषयी भांडण झाले तरी ते सर्वांसमक्ष होत असे.

त्यानंतरचे दोन बदल अधिक खोलवर गेले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यावर इंटरनेटचे दर कोसळले आणि महिन्याला मोजूनमापून वापरायची गोष्ट रोजच्या रोज संपवायची गोष्ट झाली. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, राज्यात ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ हे धोरण आले आणि शाळेनेच मुलाच्या हाती मोबाइल द्यायला लावला. ग्रामीण भागातील पाचवी ते बारावीचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ रोजी पुन्हा भरू लागले. मोबाइल मात्र परत घेतला गेला नाही, कारण गृहपाठ, सूचना आणि शिष्यवृत्तीचे अर्ज एव्हाना वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर स्थिरावले होते. ‘अभ्यास करतोय’ या उत्तराला पालकांकडे प्रत्युत्तर उरले नाही. ‘असर’ या देशव्यापी ग्रामीण शैक्षणिक सर्वेक्षणाच्या २०२४ च्या अहवालाने १४ ते १६ वयोगटाविषयी जे आकडे दिले, ते या उत्तराची किंमत सांगतात: जवळजवळ ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता आणि तो वापरता येणाऱ्या ८२ टक्क्यांपैकी ५७ टक्क्यांनी मागील आठवड्यात त्याचा शैक्षणिक कामासाठी वापर केला होता, तर समाजमाध्यमांसाठी वापर करणारे ७६ टक्के होते. ‘अभ्यास करतोय’ हे सर्वस्वी खोटेही नाही आणि पुरते खरेही नाही.

वयानुसार वेळेच्या शिफारशी पाहिल्या तर त्यांत फारसा मतभेद दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी जे निर्देश दिले, त्यांत दोन वर्षांखालील बाळाला पडदा दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षे वयात तो दिवसाला एका तासाहून अधिक नसावा, असे म्हटले आहे. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या मार्गदर्शिकेत दोन वर्षांखालील बाळासाठी नातलगांशी अधूनमधून होणाऱ्या व्हिडिओ कॉलपुरती सवलत आहे. दोन ते पाच वर्षांसाठी देखरेखीखाली कमाल एक तास आणि पाच ते दहा वर्षांसाठी दोन तासांहून कमी, असे प्रमाण तीत सांगितले आहे. या शिफारशी लहान वयासाठी निःसंशय उपयुक्त आहेत, कारण दीड वर्षाचे मूल बोलणे शिकते ते समोरच्या माणसाने त्याच्या हुंकाराला उत्तर दिल्यामुळे, आणि पडदा असे उत्तर देत नाही. हिंगोलीतील ज्या कुटुंबांतील आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि मुले आजीआजोबांजवळ राहतात, त्यांच्यासाठी तर व्हिडिओ कॉलची ती सवलत हाच नियमाचा मुख्य भाग आहे. फडावरून रात्री येणारा फोन पडद्याचा वेळ म्हणून मोजणे क्रूरपणाचे होईल.

मोठ्या मुलांच्या बाबतीत मात्र शास्त्रज्ञांमध्येच एकवाक्यता नाही. अमेरिकेतील समाजमानसशास्त्रज्ञ जोनाथन हाइट यांनी २०२४ च्या ‘द अँक्शस जनरेशन’ या ग्रंथात किशोरवयीनांच्या वाढत्या चिंता व नैराश्यामागे स्मार्टफोन आणि समाजमाध्यमे हे प्रमुख कारण असल्याचे प्रतिपादन केले आणि भारत सरकारच्या २०२४–२५ च्या आर्थिक पाहणीनेही त्या ग्रंथाची दखल घेतली. याउलट एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रझिबिल्स्की यांनी तीन लाखांहून अधिक किशोरवयीनांच्या माहितीचे विश्लेषण करून २०१९ मध्ये असा निष्कर्ष मांडला होता की, मुलामुलांच्या मानसिक स्वास्थ्यात जो फरक आढळतो त्याचा फार तर ०.४ टक्के भाग तंत्रज्ञानाच्या वापराशी जोडता येतो. दोन्ही पक्षांची माहिती मुख्यतः ब्रिटन आणि अमेरिकेतील आहे. एक मोबाइल चौघांत वापरला जातो अशा घराविषयी तिच्यावरून थेट काही सांगता येत नाही. वादाच्या बाहेर राहणारी एक गोष्ट म्हणजे ‘विस्थापन’, अर्थात एका कामाने दुसऱ्या कामाची जागा घेणे: मोबाइलवर गेलेला तास झोपेतून, खेळातून किंवा बोलण्यातून गेलेला असतो. म्हणून किती तास पाहिले यापेक्षा तो तास कशाचा होता, हे विचारणे अधिक फलदायी ठरते. पहाटे हळद काढायला जाणाऱ्या घरात रात्री साडेअकरापर्यंत चाललेल्या रील्स झोपेच्या खात्यातून वजा होतात. दुपारी पावसाने अडकलेल्या मुलाने पाहिलेला क्रिकेटचा सामना तसा कोणाच्याच खात्यातून जात नाही.

‘व्यसन’ हा शब्दही इथे जपून वापरायला हवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत, जी १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली, ‘गेमिंग डिसऑर्डर’ म्हणजे खेळाचा विकार समाविष्ट आहे. पण त्यासाठी खेळावर ताबा न राहणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळाला अधिक महत्त्व देणे आणि नुकसान दिसत असूनही तो चालू ठेवणे, हा क्रम साधारणपणे वर्षभर टिकलेला असावा लागतो. असे रुग्ण असतात. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत त्यांच्यासाठी २०१४ पासून स्वतंत्र चिकित्सालय आहे आणि अनिल व सुनंदा अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’ या व्यसनमुक्ती केंद्राकडेही आता दारूच्या जोडीने मोबाइलच्या तक्रारी येतात. परंतु जेवताना मोबाइल न सोडणारा प्रत्येक मुलगा रुग्ण नव्हे. त्याला व्यसनी म्हटले की दोष त्याच्या ठिकाणी ठरतो आणि घराची झाडाझडती टळते, ही या शब्दाची सोयही आहे आणि तोटाही.

घरातील नियमांचा अभ्यास करणारे संशोधक ‘पालकीय मध्यस्थी’ अशी संज्ञा वापरतात. नेदरलँड्समधील पॅटी फाल्केनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दूरचित्रवाणीच्या संदर्भात तिचे तीन प्रकार सांगितले: नियम घालून अडवणे, पाहिलेल्या गोष्टीविषयी बोलून समजावणे आणि मुलाबरोबर बसून पाहणे. तिन्ही प्रकारांत पालकाला माध्यम मुलापेक्षा अधिक कळते, हे गृहीत आहे. हिंगोलीतील पुष्कळ घरांत परिस्थिती नेमकी उलटी असते. वडिलांचा ई-मेल पत्ता, पासवर्ड आणि पीक विम्याचा अर्ज हे सारे दहावीतल्या मुलाने किंवा मुलीने केलेले असते आणि मोबाइलला कुलूप लावणारे एखादे नियंत्रक ॲप बसवायचे झाले तरी ते बसवायला त्याच मुलाला बोलवावे लागते. ‘बेडरूममध्ये मोबाइल नको’ हा शहरी मार्गदर्शिकांतील आवडता नियमही दोन खोल्यांच्या घरात अर्थहीन होतो, कारण तिथे झोपण्याची, जेवण्याची आणि अभ्यासाची जागा एकच असते. अशा घरात कुलूप आणि भिंत ही दोन्ही साधने नसतात, मग उरते ती वेळ.

आणि वेळ पाळायला लावणारा माणूस लागतो. प्रश्नाची खरी गाठ इथे आहे. घरात उतरंड असते; सासूबाईंची मालिका चालू असताना सून दूरदर्शन संच बंद करू शकत नाही, दिवसभर शेतात राबून आलेल्या नवऱ्याला बायको ‘मोबाइल ठेवा’ असे म्हणाली तर ते त्याच्या कष्टाचा अपमान केल्यासारखे होते, आणि बाप रील्स पाहत असताना मुलाने त्याला टोकणे म्हणजे तर उद्धटपणाच. सांगण्याचा अधिकार वरून खाली वाहतो, म्हणून मर्यादा सर्वांत खाली असलेल्यावर, म्हणजे मुलावर आणि त्याहूनही मुलीवर, येऊन थांबते. ‘असर’च्या त्याच अहवालात स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ३६.२ टक्के मुलग्यांकडे स्वतःचा फोन होता, तर मुलींमध्ये हे प्रमाण २६.९ टक्के होते. नियमाच्या नावाखाली मुलीचा फोन काढून घेणे ही मर्यादा नव्हे. तो जुनाच पहारा आहे, फक्त नवे निमित्त मिळालेला.

सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात असलेल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये जे केले, त्याचे महत्त्व या पार्श्वभूमीवर कळते. सुमारे तीन हजार वस्तीच्या या गावाने स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी, १४ ऑगस्टला, सभेत ठरवले की रोज संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजेल आणि साडेआठच्या दुसऱ्या भोंग्यापर्यंत घराघरांतील मोबाइल व दूरदर्शन संच बंद राहतील. सरपंच विजय मोहिते यांनी त्या वेळी वृत्तमाध्यमांना दिलेल्या माहितीनुसार पुरुषांनी ही कल्पना प्रथम हसण्यावारी नेली. नंतर महिलांची बैठक घेण्यात आली, आपणही मालिका आणि मोबाइलमध्ये अडकतो हे त्यांनी कबूल केले आणि मग गाव तयार झाले. आशा, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक यांनी वस्तीवस्तीत फिरून लोकांना आठवण द्यायची, अशी व्यवस्था केली गेली. या प्रयोगाविषयी लिहिणाऱ्यांनी मुलांच्या अभ्यासावर भर दिला, तो स्वाभाविक होता. परंतु त्याचा अधिक सूक्ष्म गुण असा की भोंग्याला नाते नसते. तो सासू नाही, सून नाही, बाप नाही. जे घरातील कोणालाही कोणाला सांगता येत नव्हते ते त्याने सर्वांना एकाच क्षणी सांगितले आणि कोणाचाही पाणउतारा झाला नाही. शिवाय शेजारच्या घरातही त्या वेळी संच बंद असल्याने ‘त्यांच्याकडे चालतं, आपल्याकडेच का नाही’ हा मुलांचा हुकमी युक्तिवादही संपला.

हिंगोलीच्या कळमनुरी तालुक्याला लागून असलेल्या यवतमाळच्या पुसद तालुक्यात, बांशी या गावाने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये वेगळा मार्ग धरला. तेथील ग्रामसभेने १८ वर्षांखालील मुलांच्या मोबाइल वापरावर बंदीचा ठराव केला आणि दंडाचीही तरतूद ठेवली. करोनाकाळात ऑनलाइन शिक्षणासाठी हाती आलेला मोबाइल पुढे खेळांसाठी आणि नको त्या संकेतस्थळांसाठी वापरला जाऊ लागला, हे त्यामागचे कारण सांगितले गेले आणि ते पटण्यासारखे आहे. तरीही दोन ठरावांची तुलना केली तर वडगावचा ठराव अधिक समंजस ठरतो. बांशीत भार फक्त मुलांवर पडतो, वडगावात तो सर्वांवर पडतो. बांशीचा नियम दिवसभराचा असल्याने तो मोडणे सोपे आणि तपासणे अवघड, तर वडगावचा नियम दीड तासाचा असून तो मोडला तर उघड्या दारातून दिसतो. दंडाच्या कायदेशीर आधाराविषयीही शंका घेता येते. सक्तीची वेळ किती ताणता येते, याचे उत्तर केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये एका वेगळ्या संदर्भात दिले होते: महाविद्यालयीन मुलींच्या वसतिगृहात संध्याकाळी सहा ते रात्री दहा मोबाइल वापरण्यास मनाई होती, ती न पाळल्याने काढून टाकलेल्या विद्यार्थिनीला पुन्हा प्रवेश देण्याचा आदेश देताना न्यायालयाने इंटरनेटचा वापर हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या अधिकाराचा भाग मानला. गाव घराला सवय लावू शकते. सज्ञान माणसाच्या हातून वस्तू काढून घेऊ शकत नाही.

शासनाने वरून घातलेल्या मर्यादांचा उल्लेख थोडक्यात पुरेल. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई केली. भारतातील २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील व्यक्तीची माहिती वापरण्यापूर्वी पालकाची पडताळणीयोग्य संमती आवश्यक ठरवली आहे. मात्र पालकाचा ओटीपी मुलाच्याच हातातील मोबाइलवर येत असेल, तर ती संमती कितपत खरी, हे उघड आहे. ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन खेळांविषयीच्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या खेळांवर घातलेली बंदी ग्रामीण घरांच्या दृष्टीने कदाचित अधिक मोलाची आहे, कारण रमीत आणि काल्पनिक क्रिकेट संघांत पैसे घालवणारे मुले नव्हेत, बहुधा कर्ते पुरुष असत, आणि त्यांना घरातील कोणीही विचारू शकत नव्हते.

हिंगोलीत वडगावची हुबेहूब नक्कल चालणार नाही, हे मान्य करावे लागेल. संध्याकाळी सातला इथे दूध घालण्याची, जनावरे बांधण्याची आणि हळदीच्या हंगामात ती शिजवण्याच्या कुकरवर उभे राहण्याची वेळ असते. बिटाचे भाव आणि मजुरांची जुळणीही त्याच सुमारास फोनवर होते. म्हणून वेळ प्रत्येक गावाने आपल्या कामानुसार, आणि हंगामानुसारही, ठरवावी लागेल; फोन घेण्यास मुभा ठेवून व्हिडिओ, खेळ आणि मालिका तेवढ्या बंद ठेवणे अधिक व्यवहार्य होईल; आणि रात्री सर्वांचे मोबाइल उशाशी न ठेवता एकाच फळीवर चार्जिंगला लावणे, हा दोन खोल्यांच्या घरालाही परवडणारा नियम आहे. त्याला एकच अट आहे: फळीवर पहिला मोबाइल घरातील सर्वांत थोर माणसाचा असावा.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमानुसार वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात आणि नियमित ग्रामसभेपूर्वी गावातील महिलांची स्वतंत्र सभा घेणे बंधनकारक आहे. पुष्कळ गावांत ही महिला सभा सह्यांच्या वहीपुरती उरते. वडगावात पुरुषांनी हसण्यावारी नेलेली कल्पना महिलांच्या बैठकीत मान्य झाली होती, एवढे ध्यानात ठेवून हिंगोलीतील गावांनी येत्या १ मेच्या ग्रामसभेपूर्वी, जो दिवस या जिल्ह्याच्याही स्थापनेचा आहे, महिला सभा खरोखर बोलवावी आणि भोंगा किती वाजता वाजवायचा, एवढा एकच विषय तिच्यापुढे ठेवावा.